निकोलाय एर्डमन आणि त्याचे मौन

इसापनीती ज्याने बालपणी वाचली नाही असा सुशिक्षित मराठी माणूस विरळाच. त्यातील कोल्हे, लांडगे, कावळे आणि कोकरे पुढे आपण विसरून जातो. परंतु प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ म्हणून जे एक वाक्य छापलेले असे, त्याची मनास जडलेली सवय जन्मभर सुटत नाही. गोष्ट संपली की आपण तात्पर्याची वाट पाहू लागतो. याच सवयीचा फायदा घेणारी एक चार ओळींची पद्यकथा १९३० नंतरच्या काही वर्षांत मॉस्कोत तोंडोतोंडी फिरत असे. तिचा आशय असा : एके दिवशी गुप्त पोलीस इसापाकडे आले आणि त्यांनी त्याला धरले. तात्पर्य स्पष्टच आहे. नीतिकथांची काही आवश्यकता नाही.

मूळ रशियनमध्ये इसापाच्या नावाशी यमक साधण्याकरिता पोलिसांनी त्याला नेमके कोठे धरले हेही सांगितले आहे. तो ग्राम्य शब्द या पृष्ठांवर देणे प्रशस्त होणार नाही. तथापि विनोदाचे अर्धे बळ त्या यमकात आहे, हे वाचकांनी आमच्या शब्दावर मान्य करावे. ही कथा निकोलाय एर्डमन आणि त्याचा सहलेखक व्लादिमीर मास यांच्या नावावर सांगितली जाते. १९३३ च्या ऑक्टोबरात पोलीस खरोखरच या दोन इसापांकडे आले. एर्डमन त्या वेळी तेहतीस वर्षांचाही झालेला नव्हता. पुढे तो जवळजवळ सदतीस वर्षे जगला. पण स्वतःचे म्हणावे असे एकही नाटक त्याने त्या काळात पुरे केले नाही.

एर्डमनचे नाव ज्यांना ठाऊक आहे, ते त्याला दोन नाटकांचा कर्ता म्हणून ओळखतात, आणि ते योग्यच आहे. परंतु नाटकांच्या आजूबाजूस त्याने आणखी दोन प्रकारचे लेखन केले : विनोदी पद्य आणि मूकपटांच्या पटकथा. टीकाकार या दोहोंचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतात. आमच्या मते त्याची विनोददृष्टी समजून घ्यावयाची तर या दोन लहान कलांकडेही पाहणे अवश्य आहे. दोन्ही कलांत शब्द थोडे लागतात, आणि दोन्हींत न उच्चारलेली गोष्टच वाचकास किंवा प्रेक्षकास हसविते.

प्रथम पद्यकथेचा विचार करू. या प्रकाराशी आपले नाते दूरचे नाही. आपल्या पंचतंत्राचा अरबी अवतार आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ या नावाने सिद्ध झाला आणि तेथून तो युरोपात गेला. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६७८ साली आपल्या नीतिकथांचा दुसरा संग्रह काढला, तेव्हा पिल्पाय नामक हिंदी ऋषीचे ऋण त्याने मोकळ्या मनाने मान्य केले. ला फोंतेनवरून इव्हान क्रिलोव्हने (१७६९-१८४४) हा प्रकार रशियन केला, आणि तो इतका रशियन झाला की क्रिलोव्हची वचने त्या देशात म्हणींसारखी रूढ झाली. म्हणजे विष्णुशर्म्याच्या कोल्ह्यालांडग्यांनी पाटलीपुत्राऐवजी पीटर्सबर्गात बिऱ्हाड केले असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रवासात एक फरक मात्र पडला. विष्णुशर्मा गोष्टी सांगतो त्या राजाच्या आज्ञेने आणि राजपुत्रांना. त्याची कथा राजवाड्यात उजळ माथ्याने शिरते. रशियात ती राजवाड्यापासून लपून राहण्यासाठी वापरली जाऊ लागली. राजाला गाढव म्हणावयाचे असेल तर गाढवाची गोष्ट सांगावी, म्हणजे सेन्सॉरला बोट ठेवण्यास जागा राहत नाही. या युक्तीला रशियनांनी ‘इसापी भाषा’ असे नावच दिले, आणि एकोणिसाव्या शतकातील थोर उपहासकार साल्तिकोव्ह-श्चेद्रिन याने ते रूढ केले.

एर्डमन आणि मास यांच्या चार ओळींत या सर्व परंपरेचा शेवट आहे. त्या कथेत कोल्हा नाही, गाढव नाही, मुखवटाच नाही. मुखवटे विकणारा दुकानदारच पकडला गेला आहे! शिवाय तात्पर्याची जात बदलली आहे. नेहमीचे तात्पर्य वाचकाला शहाणे करते. हे तात्पर्य शहाणपण सांगण्याचा धंदाच बंद झाल्याचे जाहीर करते. आणि ते जाहीर करण्यासाठी नीतिकथेचाच उपयोग केलेला असल्यामुळे धंदा बंद झालेला नाही, हेही सिद्ध होते. एवढा गुंता चार ओळींत बसविणे हे सामान्य विडंबनकाराचे काम नव्हे.

निकोलाय रोबेर्तोविच एर्डमनचा जन्म मॉस्कोत १९०० साली झाला. वडील बाल्टिक प्रांतातील जर्मन वंशाचे. वडील भाऊ बोरिस हा पुढे नामांकित नेपथ्यकार झाला आणि त्याच्यामुळे निकोलायचा ‘प्रतिमावादी’ म्हणविणाऱ्या तरुण कवींच्या मंडळात प्रवेश झाला. सेर्गेय येसेनिन, मारियेनगोफ, शेर्शेनेविच हे त्या मंडळातील अग्रणी. कवितेत प्रतिमा हीच सर्वस्व, अर्थ दुय्यम, असा त्यांचा बाणा होता. एर्डमनने काही काळ त्या पंथाच्या कविता लिहिल्या. परंतु त्याचा खरा पिंड निराळा होता. तो थोडा अडखळत बोलत असे, आणि आपले विनोदी लेखन वाचून दाखविताना चेहऱ्यावर स्मिताची रेषही उमटू देत नसे, असे त्याच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. विनोदी लेखकाने स्वतः हसू नये हा नियम आपल्याकडील कीर्तनकारांनाही ठाऊक आहे.

१९२१ नंतरची काही वर्षे रशियात ‘नव्या आर्थिक धोरणा’ची होती. लहान दुकानदारांना धंदा करण्याची मोकळीक मिळाली. क्रांतीने ज्यांना खाली पाडले होते ते पुन्हा अंग झाडून उठू पाहत होते. आणि ज्यांना तिने वर चढविले होते त्यांनाही वरच्या जागेचे रीतिरिवाज अद्यापि शिकावयाचे होते. विनोदकाराला याहून चांगला हंगाम कोणता मिळणार? एर्डमन छोट्या रंगमंचांसाठी गमतीची पदे, प्रवेश आणि मध्यनाट्ये लिहू लागला. १९२४ साली मॉस्कोचे उपहासनाट्यगृह ज्या खेळाने उघडले, त्याच्या चार लेखकांत तो होता. दुसऱ्याच वर्षी, १९२५ च्या एप्रिलात, मेयरहोल्डने त्याचे ‘अधिकारपत्र’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि पंचविशीच्या आतच हा तरुण प्रसिद्धीच्या शिखरावर जाऊन बसला.

‘अधिकारपत्रा’ची कल्पना विलक्षण साधी आहे. गुल्याचकिन नावाच्या एका मध्यमवर्गीय कुटुंबात मुलीचे लग्न ठरवावयाचे आहे. वरपक्षाला हुंड्यात पैसा नको आहे, कम्युनिस्ट हवा आहे. म्हणजे घरात एक पक्षाचा माणूस असला की बाकीच्यांना अभय! तेव्हा मुलीचा भाऊ पावेल हाच कम्युनिस्ट होण्याचे ठरवितो. घरातील भिंतीवरच्या तसबिरीच्या एका बाजूस कोपनहेगनची संध्याकाळ आणि दुसऱ्या बाजूस कार्ल मार्क्स; जसा पाहुणा तशी तसबीर फिरवावयाची. शेवटी पावेल खिशातून एक अधिकारपत्र काढतो आणि सर्वांची गाळण उडते. त्या कागदावर असते काय? अमुक इसम अमुक पत्त्यावर खरोखर राहतो, एवढा दाखला. आणि तोही पावेलनेच स्वतःच्या सहीने स्वतःला दिलेला. दुसरीकडे घरच्या स्वयंपाकिणीने राजघराण्याचा एक पोशाख अंगावर घातला म्हणून जुन्या राजवटीचे भक्त तिला झारची कन्या समजून तिच्या पायाशी लोळण घेतात. एकीकडे कागद, दुसरीकडे कपडा. मधल्या माणसाकडे कोणीच पाहत नाही.

हे नाटक संपते कसे, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. सर्व लबाडी उघडकीस येते, पोलिसांना वर्दी जाते, आणि पोलीस या लोकांना पकडण्याचे नाकारतात. इतकी क्षुद्र माणसे पकडून करावयाचे काय? तेव्हा पावेल आईला विचारतो की, आपल्याला कोणी अटकसुद्धा करीत नाही, तर आता जगावे कशाच्या आधारावर? १९२५ साली प्रेक्षक या प्रश्नाला पोट धरधरून हसले. पुढील दहापंधरा वर्षांत त्यातील कित्येकांना हे हसू आठवले असेल.

आता मूकपटाकडे वळू. बोलपटावर वाढलेल्या पिढीला मूकपटाचा लेखक म्हणजे काय, हे थोडे समजावून सांगावे लागते. संवाद नसतील तर लेखकाने लिहावयाचे काय? वस्तुतः त्यालाच अधिक विचार करावा लागे. माणसाच्या मनातील गोष्ट कृतीने, वस्तूने किंवा गतीने कशी दाखवावी हे त्याने योजावयाचे. आणि मधूनमधून पडद्यावर झळकणाऱ्या ज्या लेखी पाट्या, त्यांत मोजक्या शब्दांत नेमके तेवढेच सांगावयाचे. पाटी लांबली की चित्र थांबते आणि प्रेक्षक जांभया देतो. चार ओळींच्या पद्यकथेचे कसब ज्याच्या हातात आहे, त्याला हे काम परके वाटण्याचे कारण नव्हते. एर्डमनने १९२७ साली निकोलाय ओख्लोप्कोव्हच्या ‘मित्या’ या चित्रपटाची पटकथा लिहिली. ओख्लोप्कोव्हने त्याचे दिग्दर्शन केले आणि प्रमुख भूमिकाही केली. तो चित्रपट आज नष्ट झालेला आहे.

सुदैवाने १९२८ चा ‘त्रूब्नाया चौकातील घर’ हा बोरिस बार्नेटचा चित्रपट शिल्लक आहे. पटकथा पाच जणांच्या नावावर आहे : बेला झोरिच, मारियेनगोफ, शेर्शेनेविच, व्हिक्टर श्क्लोव्स्की आणि एर्डमन. तेव्हा तिचे सारे श्रेय एकट्या एर्डमनच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. तथापि त्याच्या नाटकांचा परिचय असलेल्यास त्या चित्रपटात घरच्यासारखे वाटते, हेही खरे. पराशा पितुनोव्हा नावाची एक खेडवळ मुलगी काखोटीस बदक मारून मॉस्कोत येते. बदक निसटते, पराशा त्याच्यामागे भर रस्त्यात धावते, समोरून ट्राम येते. आणि येथे चित्र एकाएकी थिजते. बदक शहरात आले कसे हे आधी पाहिले पाहिजे, अशा अर्थाची पाटी येते, आणि सर्व हालचाल उलट्या क्रमाने मागे फिरत खेड्यापर्यंत जाते. शब्दाविना केलेले असे निवेदनाचे कौतुक आजही ताजे वाटते.

पराशा एका केशकर्तकाच्या घरी मोलकरीण म्हणून राहते. गोलिकोव्ह हे त्याचे नाव. तो तिला राबवून घेतो. कामगारसंघाच्या करारमदाराची कटकट नको म्हणून त्याला संघात नसलेलीच बाई हवी असते. त्या घराच्या जिन्याचे दृश्य पाहण्यासारखे आहे : सकाळ होते आणि मजल्यामजल्यावरचे बिऱ्हाडकरू जिन्यावरच लाकडे फोडतात, सतरंज्या झटकतात, केर टाकतात. चाळीत राहिलेल्या वाचकाला या दृश्याचे भाषांतर लागणार नाही. पुढे अशी बातमी पसरते की पितुनोव्हा नावाची मोलकरीण मॉस्कोच्या सोव्हिएटवर निवडून आली आहे. क्षणात घर बदलते. काल जिला भांडी घासावयास लावली तिच्यासाठी मेजवानी मांडली जाते, शेजारी वाकून नमस्कार करू लागतात. मागाहून कळते की निवडून आलेली पितुनोव्हा ती ही नव्हेच.

‘अधिकारपत्रा’तील कागद, तेथीलच राजघराण्याचा पोशाख, आणि येथील निवडणुकीची बातमी या तिन्ही वस्तू ओळीने ठेवून पाहिल्या म्हणजे एर्डमनच्या विनोदाचा गाभा हाती लागतो. त्याचा विषय लबाड माणूस हा नव्हे. लबाड माणसे तर सर्वच प्रहसनांत असतात. माणसावर चिकटविलेली चिठ्ठी बदलली की समाजाचे त्याच्याशी वर्तन किती त्वरेने बदलते, हा त्याचा विषय आहे. आणि मूकपटात ही गोष्ट नाटकापेक्षाही अधिक स्वच्छ दिसते. नाटकात माणसे आपल्या वर्तनाचे समर्थन करतात; पडद्यावर ती केवळ वाकतात. समर्थन ऐकू येत नाही, पाठीचा कणा तेवढा दिसतो.

त्याच १९२८ साली एर्डमनने आपले दुसरे आणि अखेरचे मोठे नाटक पूर्ण केले. त्याचे नाव ‘आत्मघातकी’. सेम्योन पोदसेकाल्निकोव्ह हा बेकार माणूस मध्यरात्री बायकोला उठवतो, कारण त्याला भूक लागली आहे आणि घरात थोडे सॉसेज उरले आहे. त्यावरून वाद होतो, तो बाहेर जातो, आणि बायको व सासू यांना वाटते की हा जीव द्यावयास गेला. तोपर्यंत त्याच्या मनात तसे काही नसते. कोणी सुचविल्यावर येते. मधल्या काळात एक मोठे तुतारीवजा वाद्य शिकून पैसे मिळवावे असाही बेत तो करतो; पण पुस्तकात शेवटी असे निघते की सूर जुळविण्यासाठी आधी पियानो विकत घ्यावा! मग त्याच्या मरणाची बातमी फुटते आणि घरी रांग लागते. बुद्धिजीवी वर्गाचा प्रतिनिधी म्हणतो, आमच्यासाठी मरा. खाटीक, धर्मोपदेशक, विरहिणी स्त्रिया, सर्वांना हा मृत्यू आपापल्या कारणासाठी हवा आहे. जिवंतपणी ज्याला कोणी विचारले नाही, त्याच्या प्रेताला एवढी मागणी! त्याच्यासाठी मेजवानी होते, भाषणे होतात. आणि ऐन वेळी पोदसेकाल्निकोव्हच्या लक्षात येते की आपल्याला मरावयाचे नाही, जगावयाचे आहे. कसेही का होईना, पण जगावयाचे आहे.

शेवटी तो सर्वांसमोर जे मागतो, ते फार थोडे आहे. जगणे कठीण झाले आहे असे कुजबुजत्या आवाजात म्हणण्याचा हक्क तेवढा आम्हांला असू द्या. तुमच्या कारखान्यांच्या गजरात ती कुजबूज तुम्हांला ऐकूही येणार नाही, अशी त्याची विनवणी आहे. नादेझ्दा मांदेलश्ताम यांनी आपल्या आठवणींत या नाटकाविषयी मार्मिक लिहिले आहे. त्यांच्या मते सर्व काही मरणाकडे ढकलीत असता माणूस जिवंत का राहतो, याचे हे नाटक आहे. आम्हांस हा अभिप्राय पूर्ण मान्य आहे. फक्त एक पुस्ती जोडावीशी वाटते. शेवटच्या क्षणी बातमी येते की फेद्या पितुनिन नावाच्या एका तरुणाने पोदसेकाल्निकोव्हचे उदाहरण खरे मानून स्वतःला गोळी घालून घेतली. हा पितुनिन हसू आणीत नाही. इतरांनी बातमीचा उपयोग केला. त्याने एकट्याने तिच्यावर विश्वास ठेवला. मूकपटातील पितुनोव्हा एका खोट्या बातमीने वर चढली. तशाच आडनावाचा हा नाटकातील भाऊबंद दुसऱ्या खोट्या बातमीने मेला. विनोद कोठे संपतो याची सीमारेषा एर्डमनला पक्की ठाऊक होती.

या नाटकासाठी मेयरहोल्ड आणि स्तानिस्लाव्स्की या दोन परस्परविरोधी पंथांच्या आचार्यांत चढाओढ लागली. स्तानिस्लाव्स्कीला ते वाचताना गोगोलची आठवण झाली. त्याने स्टालिनकडे परवानगी मागितली. १९३१ च्या नोव्हेंबरात उत्तर आले की, आपले या नाटकाविषयी फारसे चांगले मत नाही, जवळच्या सहकाऱ्यांना तर ते पोकळ आणि अपायकारकही वाटते, तथापि प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये मेयरहोल्डने तालीम दाखविली ती कागानोविच प्रभृतींच्या समितीला. आणि नाटक बंद झाले. कुजबुजण्याचा हक्क मागणाऱ्या नाटकाची कुजबूजसुद्धा कोणाच्या कानी पडू दिली गेली नाही.

राहता राहिले पद्य आणि चित्रपट. ‘आनंदी मंडळी’ या संगीत बोलपटाची पटकथा एर्डमन आणि मास यांनी दिग्दर्शक अलेक्सांद्रोव्हबरोबर लिहिली. काळ्या समुद्रावरील गाग्रा येथे चित्रीकरण चालू असतानाच दोघांना अटक झाली. क्रेमलिनमधील एका मेजवानीत प्रख्यात नट कचालोव्ह याने त्यांच्या पद्यकथा म्हणून दाखविल्या आणि स्टालिनने लेखकांची नावे विचारली, असे सांगतात. आख्यायिका असेलही, परंतु अटकेचे कारण त्या पद्यकथाच होत्या याविषयी दुमत नाही. चित्रपट १९३४ साली झळकला, गाजला, त्यावर लेखकांची नावे नव्हती. एर्डमनला तीन वर्षांसाठी सैबेरियात येनिसेयस्क येथे आणि नंतर तोम्स्क येथे ठेवण्यात आले.

तेथून तो आईला पत्रे लिही आणि खाली सही करी ‘मामिन-सिबिर्याक’. या नावाचा एक रशियन कादंबरीकार पूर्वी होऊन गेला होता. परंतु शब्दशः त्या नावाचा अर्थ होतो ‘आईचा सैबेरियावासी’. एका सहीत विनोद, सांत्वन आणि पत्ता, सर्वच आले. आम्हांस ही सही त्याच्या चार ओळींच्या इसापकथेइतकीच मोलाची वाटते. मुलगा अजून विनोद करतो आहे, एवढे कळले की आईला दुसरी बातमी लागत नाही.

सुटका झाली तरी मॉस्कोत राहण्याची परवानगी नव्हती. १९३८ च्या फेब्रुवारीत बुल्गाकोव्हने स्वतः संकटात असताही या मित्रासाठी स्टालिनला विनंतीपत्र धाडले. एवढ्यावरून त्या माणसाची योग्यता कळते. त्याच वर्षी ‘व्होल्गा-व्होल्गा’ हा चित्रपट निघाला. त्याच्या पटकथेत एर्डमनचा आणि त्याचा मित्र वोल्पिन याचा मोठा वाटा होता, आणि याही वेळी त्याचे नाव गाळले गेले. त्यातील बिवालोव्ह हा लहान गावचा अधिकारी मॉस्कोत बढती मिळावी म्हणून तडफडतो. इगोर इलीन्स्कीने ही भूमिका बहारीची केली आहे. परंतु ‘अधिकारपत्रा’शी ताडून पाहता उणीव तत्काळ ध्यानात येते. तेथे कागदापुढे सगळा समाज वाकत होता. येथे एकच मूर्ख अधिकारी हास्यास्पद आहे, बाकी सर्व जण गाणी गात राजधानीकडे चालले आहेत आणि राजधानी बक्षीस घेऊन वाट पाहत आहे. विनोदाचे कसब तेच, पण विनोदाचा विषय काढून घेतलेला. सुरी तीच, परंतु कापावयास लोणी दिलेले.

युद्धकाळात त्याला गुप्त पोलीस खात्याच्याच गीत-नृत्य मंडळीत लेखक म्हणून नेमले. तो गणवेश अंगावर चढवून आरशासमोर उभा राहिला आणि आपल्याला पुन्हा न्यावयास कोणी आले आहेसे वाटते, असे वोल्पिनला म्हणाला, अशी गोष्ट त्याचे सोबती सांगत. १९५० च्या ‘शूर माणसे’ या चित्रपटासाठी पुढील वर्षी त्याला स्टालिन पारितोषिकही मिळाले. नंतरच्या वीस वर्षांत त्याने मुख्यतः मुलांसाठी लिहिले : १९५७ ची ‘हिमराणी’, १९६४ चा ‘मोरोझ्को’, आणि प्राण्यांची कितीतरी व्यंगचित्रपटे. नीतिकथेतील कोल्हे-लांडगे अशा रीतीने बालवर्गात परत गेले. १९६७ साली तागान्का नाट्यगृहाने येसेनिनच्या ‘पुगाचोव्ह’ या काव्याचा प्रयोग केला तेव्हा त्याची मध्यनाट्ये मात्र एर्डमनने लिहिली. तरुणपणीच्या मित्राला दिलेली ही अखेरची सोबत. १९७० च्या ऑगस्टमध्ये तो वारला. ‘आत्मघातकी’चा पहिला प्रयोग त्यापूर्वी वर्षभर, १९६९ साली, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाला होता, त्याच्या मायदेशी ते रंगभूमीवर आले १९८२ साली, आणि छापले गेले १९८७ साली.

या चरित्राविषयी दोन मते ऐकू येतात. एक असे की, ज्याने पोलीस खात्याचा गणवेश चढविला आणि पारितोषिक घेतले, त्याने आपल्या लेखणीशी द्रोह केला. असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्या. मांदेलश्ताम १९३८ साली छावणीत मेला. मेयरहोल्डला १९४० च्या फेब्रुवारीत गोळी घातली. ज्याच्या नाटकाचा नायक कसेही करून जगण्याचा हक्क मागतो, त्या लेखकाने तोच हक्क स्वतः वापरला तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार आरामखुर्चीत बसलेल्या टीकाकाराला नाही. गणवेश घालूनही आरशातील माणसाला त्याने ओळखले होते, एवढे आम्हांस पुरे आहे.

दुसरे मत अधिक गोड आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचे. ते असे की, एर्डमनचे मौन हीच त्याची श्रेष्ठ कलाकृती होय. जुलूम साहित्याला धार लावतो. न लिहिलेली नाटके लिहिलेल्यांपेक्षा बोलकी असतात. आम्हांस हे सांत्वन मुळीच पटत नाही. पहिल्या दोन नाटकांत तीनच वर्षांचे अंतर आहे, आणि त्यात दुसरे पहिल्याहून कितीतरी खोल उतरले आहे. या गतीने चाललेल्या माणसाची पुढील सदतीस वर्षे म्हणजे काय, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मौन सोसणाऱ्याचा आम्ही आदर करू. पण मौनाला वाङ्मय म्हणणे म्हणजे ज्यांनी त्याचे तोंड बंद केले त्यांच्या खात्यावर एक ग्रंथ जमा करणे आहे. कोरे पान कितीही वेळ वाचले तरी त्यातून हसू येत नाही.

जे उरले आहे ते थोडे आहे : दोन नाटके, मूठभर पद्यकथा, पाच जणांनी मिळून लिहिलेला एक मूकपट, आणि काही पत्रे. दोन्ही नाटकांची इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत. आमच्या वाचकांनी ‘अधिकारपत्र’ आधी वाचावे, मग तो मूकपट मुलांना जवळ बसवून पाहावा. बदकाच्या पाठलागाला ती खचित हसतील. ‘आत्मघातकी’ सर्वांत शेवटी, आणि शक्य तर घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. कुजबुजीचा हक्क मागणारे ते भाषण मोठ्याने वाचता येते, कोणी दार ठोठावीत नाही, ही केवढी गोष्ट आहे ते त्या वेळी कळेल.